सागवानावरचं सारवण

अंबूबाईची भुई बघायला बायका मुद्दाम येत. तिची खोली काही मोठी नव्हती. लोणावळ्याला तुंगार्लीच्या चढावर खोर्शेद लॉज नावाचा पारशांचा बंगला होता, त्याच्या मागच्या अंगाला नोकरांसाठी बांधलेली एक पत्र्याची खोली, एवढंच तिचं राज्य. नवरा सोपान बंगल्याचा माळी, ती झाडलोटीला. दोघंही लोहगडवाडीची. पण त्या खोलीत पाऊल टाकण्याआधी माणूस क्षणभर थांबायचा. तांबडी माती कापडातून चाळलेली, शेणातली काडीन् काडी बोटांनी वेचलेली, आणि हात असा फिरलेला की वाळल्यावर अर्धगोल वळसे माशाच्या खवल्यांसारखे एकात एक बसलेले दिसायचे. हाताला माती लागायची नाही, पायाला खडा टोचायचा नाही. अंबूबाई अंगानं बुटकी होती, पण भुईचा विषय निघाला की तिची मान अशी ताठ व्हायची की समोरच्याला वर बघावं लागे.

तिच्या तोडीस तोड मान असलेला लोणावळ्यात एकच माणूस होता. बाजारपेठेतला नूरमहंमद पॉलिशवाला. बंगल्याच्या हॉलमधली जमीन सागवानी होती. ती त्याच्या वडिलांनी, हमीद मिस्त्रींनी, बंगला बांधला तेव्हा घातलेली. सागाच्या हातभर पट्ट्या आडव्या-उभ्या अशा बसवलेल्या की सगळा हॉल म्हणजे विणलेली चटईच वाटावी. दोन पट्ट्यांमध्ये नख जात नसे. हमीद मिस्त्री गेले, त्यांनी बनवलेले पाळणे, पेट्या, दरवाजे कुठे कुठे पांगले. शिल्लक राहिलं आणि सगळ्यांना दिसतं असं त्यांचं काम हे एकच. म्हणून दर पावसाळ्यानंतर नूरमहंमद मेण आणि अळशीचं तेल घेऊन यायचा, बाहेरच चपला काढायचा आणि दिवसचे दिवस गुडघ्यावर बसून ती जमीन घासायचा. मजुरीसाठी यायचा खरा, पण मजुरीचं काम इतकं हळू कोणी करत नाही.

त्या दोघांचं बोलणं म्हणजे टोमण्यांचं देणंघेणं. अंबूबाईनं त्या जमिनीला भुई म्हटलं की नूरमहंमदचा जीव खालीवर होई. भुई नाही, फ्लोर म्हणा, असं तो दर वर्षी सांगे आणि दर वर्षी ती विसरे.

एकदा तो म्हणाला, “तुमची भुई आठ दिवसांची, अंबूबाई. माझा फ्लोर शंभर वर्षांचा.”

“असंल की,” अंबूबाई म्हणाली. “पर माझी भुई आठ दिवसांनी पुन्यांदा नवी हुती. तुमचं लाकूड रोज म्हातारं हुतंय, नूरभाऊ.”

सोपान बागेत पाणी घालता घालता हसला. नूरमहंमदनं त्यावर दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मागितला. हॉलमध्ये ओलं फडकं न्यायचं नाही, हा मात्र त्याचा दंडक होता आणि तो अंबूबाईनं कधी मोडला नाही. कोरड्या फडक्यानं, गुडघ्यावर बसून ती तो हॉल पुसायची. त्या जमिनीची राखण तिच्याही हातात होती, हे ती जाणून होती. बोलून मात्र दाखवत नसे.

लढाईचं तिसरं की चौथं वर्ष होतं. एका दुपारी नूरमहंमद चढ चढून आला तो अवेळी, हातात तेल नाही, मेण नाही. येऊन तो हॉलच्या पायरीवर बसला. अंबूबाईनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडलं. मुंबईहून मालकीणबाईंचा, खोर्शेदबाईंचा, निरोप आला होता. लढाई संपेपर्यंत सरकारनं बंगला ताब्यात घेतला होता. लढाईत जखमी होऊन बरे होत आलेले शिपाई इथल्या हवेला येऊन राहणार होते. सोपान-अंबूबाईची नोकरी तशीच राहणार होती. खुर्च्या, कपाटं, गालिचे मुंबईला न्यायचे होते. जमीन काही उचलून नेता येत नाही, तिचं जे होईल ते होईल, असं बाईंनी कळवलं होतं.

“जे होईल ते म्हणजे काय होईल, ते मला माहीत आहे,” नूरमहंमद म्हणाला. खंडाळ्याच्या अंगाला एका बंगल्यात असेच शिपाई उतरले होते, ती जमीन त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. बुटांना खाली खिळे, टाचेला लोखंडी नाल. लोखंडी खाटा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला ओढायच्या. एका पावसाळ्यात त्या लाकडाचं सरपण झालं होतं. “बापाचं एवढंच काम राहिलंय माझ्याकडे दाखवायला,” तो म्हणाला, आणि मग त्या बोलण्याची त्याला लाज वाटली असावी, कारण तो पाणी पिऊ लागला.

अंबूबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि ती आपल्या खोलीत गेली. तिथं कोपऱ्यात भाताची कणगी होती. बांबूच्या तट्टीची, आतून-बाहेरून सारवलेली. मावळात कोणत्याही घरात असते तशीच. तिच्यावर तिनं बोटानं टिचकी मारली. टणक आवाज आला. त्याच कणगीला मागच्या वर्षी वाडीवरून आणताना बैलाचा धक्का बसला होता आणि पोपडासुद्धा उडाला नव्हता. ती परत आली आणि म्हणाली, “सारवायची.”

“काय?”

“तुमच्या बापाची भुई. वर तट्ट्या घालायच्या आन् सारवायची.”

नूरमहंमद उठून उभाच राहिला. सागवानावर शेण! त्याच्या आवाजात राग होता की रडू, हे सोपानला कळेना. पाण्याचा एक थेंब या लाकडाला त्यानं लागू दिला नव्हता आणि ही बाई चिखल ओतायचं म्हणत होती. बाप कबरीत उठून बसेल, असं तो म्हणाला. अंबूबाई शांत होती. चिखल आत कोण नेणार, तिनं विचारलं. कणगी काय भात भरून मग सारवतात? तट्ट्या अंगणात टाकायच्या, बाहेर सारवायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि मग एकेक आणून अंथरायची. खाली मऊ कापड. “तुमच्या बापानं लाकडाची चटई इणली, मी तिच्यावर बांबूची घालती,” ती म्हणाली. “त्यात त्यांचा काय अपमान?”

तो निघून गेला. सोपान बायकोला म्हणाला, उगाच तोंड घातलंस, उद्या काही बिघडलं तर पारशीण आपल्याला खोलीतून काढील आणि तो बिचारा आयुष्यभर तुझ्या नावानं खडे फोडील. खोटं नव्हतं ते. अंबूबाईला रात्री झोप लागली नाही. शब्द तोंडातून गेला होता, आणि तिच्या सारवणावर आजवर कुणी एवढं ओझं टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरमहंमद आला तो खडू आणि सुतळी घेऊन. अंबूबाईकडे न बघता त्यानं हॉलची मापं घेतली आणि सोपानला तट्ट्या किती लागतील ते सांगितलं.

मग बंगल्याच्या अंगणात जत्रा भरली. वाडीवरनं बयाबाई आणि विठाबाई मदतीला आल्या. तट्ट्या पसरल्या गेल्या, माती चाळली गेली, शेण कालवलं गेलं. अंबूबाईचा हात सगळ्यांत पुढे. दुसऱ्या कुणी वळसा वाकडा काढला की ती तो पुसून पुन्हा काढायची. “आगं, कोण बघनार हाय? शिपाई?” विठाबाई वैतागली, त्यावर मी बघणार आहे, एवढंच ती म्हणाली. इकडे हॉलमध्ये नूरमहंमदनं जमिनीला मेणाचा जाड हात दिला, कचऱ्याचा कण राहू नये म्हणून पंचा फिरवला आणि बाईंच्या परवानगीनं जुने मखमली पडदे उसवून त्यावर अंथरले. वाळलेल्या तट्ट्या आत आल्या. आता सांधे उरले. ते ओल्या हातानं भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इथं दोघांचं पुन्हा वाजलं. शेवटी अंबूबाईनं माती पुरणपोळीच्या कणकेइतकी घट्ट मळली आणि ती सांधा भरत पुढे सरकली, तसा नूरमहंमद कोरडं फडकं घेऊन तिच्या शेजारी सरकत राहिला. दिवसभर ती दोघं त्या हॉलमध्ये गुडघ्यावर होती आणि एक टोमणाही कुणी मारला नाही.

खाटांचं नूरमहंमद आधीच ठरवून आला होता. आंब्याच्या लाकडाचे ठोकळे पाडून, मधे खळगा कोरून त्यानं खाटांच्या पायांसाठी बैठका केल्या होत्या. त्या बघून सोपान म्हणाला, “खाटांना खडावा? आता जानवं तेवढं घाला.” तेव्हापासून त्यांना सगळे खडावाच म्हणायला लागले.

शिपाई आले त्या सकाळी अंबूबाईनं हॉलच्या दारात रांगोळी काढली. मुद्दाम अशी नाही, सारवलं की रांगोळी काढायची म्हणून काढली. मग ती दाराआड उभी राहिली. तट्टी बैलाला टिकते, पण रोजच्या वीस-पंचवीस जोडी नालांना टिकेल का, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. फाटकाशी मोटारी थांबल्या. व्हरांड्याच्या दगडावर खिळ्यांचा खणखणाट झाला. एखाद्या ताशाच्या ताफ्यासारखा तो जवळ येत गेला.

सर्वांत पुढे हवालदार होता. कोंडाजी त्याचं नाव, पाटणच्या डोंगरातला, डावा हात गळ्यात बांधलेला. तो तडक दारापर्यंत आला आणि असा थांबला की मागचे दोघे त्याच्यावर आदळले. त्यानं खाली बघितलं. पुढे टाकलेला पाय त्यानं मागे घेतला.

“सारवलंय व्हय, मावशी?”

“व्हय,” अंबूबाई म्हणाली. “कालच.”

हवालदारानं मागे वळून कुणाला हुकूम दिला नाही. तो पायरीवर बसला आणि एका हातानं बुटाची नाडी सोडायला लागला. त्याला सुटेना, तेव्हा मागच्यानं वाकून ती सोडली. मग तोही बसला. मग तिसरा. बघता बघता व्हरांडाभर बुटांच्या रांगा लागल्या आणि ती सगळी पलटण, रांगोळी ओलांडून, अनवाणी आत गेली. कुणी आफ्रिकेच्या वाळवंटातून आला होता, कुणी ब्रह्मदेशातून. पण पाऊल आत टाकताना सगळ्यांनी ते एकाच तऱ्हेनं टाकलं, घरी टाकतात तसं.

अंबूबाई दाराआड होती ती तिथंच राहिली. तट्टी बुटांना टिकावी एवढाच तिचा हिशेब होता. बूटच निघतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. लाकूड दिसलं असतं तर कुणी पायाकडे बघितलंही नसतं. लाकडावर काय, बोटीवर, बराकीत, आगगाडीत, सगळीकडे बुटानंच चालायचं असतं. पण सारवलेल्या भुईवर बूट घालून जायचं म्हणजे आईच्या अंगावर पाय देऊन जायचं. हे त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं आणि सरकारलाही विसरायला लावता आलं नव्हतं.

संध्याकाळी नूरमहंमद धास्तावून आला. व्हरांड्यातले बूट बघून त्याला वाटलं, शिपाई कुठे फिरायला गेले. आत बघितलं तर ते खाटांवर बसून गप्पा मारत होते आणि खाटा खडावा घालून उभ्या होत्या.

“माणसांनी बूट काढलेत आन् खाटांनी पायांत घातलंय,” अंबूबाई त्याला म्हणाली. “उलटं राज्य आलं, नूरभाऊ.”

तो हसला नाही. खाली मान घालून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं एका कुबडीवाल्या शिपायासाठी कुबडीच्या टोकाला घालायला घोंगडीची टोपी शिवून आणली.

असे दिवस बरे चालले होते. शिपायांना ती भुई आवडली. शेणाच्या वासानं गावी गेल्यासारखं वाटतं, असं ते म्हणत. अंबूबाई वरून हलका हात फिरवायची तेव्हा आपापल्या आईची सारवायची रीत सांगत तिच्याशी वाद घालत. आणि मग एक दिवस तपासणीला डॉक्टर आले. कॅप्टनच्या हुद्द्यावरचे, पुण्याचे. त्यांनी बुटांची रांग बघितली, आत डोकावलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. हे शेण आहे का, त्यांनी विचारलं. हवालदार व्हय म्हणाला. डॉक्टर रागावले नाहीत, पण ठाम होते. यांच्यातल्या काहींच्या जखमा अजून ओल्या आहेत, आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. हे सारवण निघालं पाहिजे. हवालदार काहीतरी बोलू लागला, तेवढ्यात अंबूबाई पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही भांडणार.

“धनुर्वात म्हंजी दातखीळ बसती, त्यो?” तिनं विचारलं.

“तोच, बाई.”

अंबूबाईचा थोरला भाऊ भात कापताना पायावर विळा लागून तसाच गेला होता. लहान होती ती, पण कमानीसारखा वर उचललेला तो देह ती विसरली नव्हती. ती एवढंच म्हणाली, “मग न्हाई ठेवत. शेण काढती. पर भुई काडू नका, सायेब. मला येळ द्या.” डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. शेण नको, बाकी काय करायचं ते करा, पुढच्या फेरीला मी बघेन, असं सांगून ते गेले.

बोलून बसली, पण करायचं काय? शेणाशिवाय सारवण म्हणजे मिठाशिवाय भाकरी. शिपायांना तोवर वरच्या मजल्यावर दाटीवाटीनं नेलं. अंबूबाईनं तट्ट्या पुन्हा अंगणात काढल्या, सगळं खरवडलं, उकळत्या पाण्यानं धुऊन काढलं आणि उन्हात टाकलं. नुसत्या मातीचा हात दिला तो वाळताच भेगाळला. मातीत राख घातली, ती पायाला लागू लागली. तिचा चेहरा उतरला. आयुष्यभर जी मान ताठ ठेवली ती एका साध्या गोष्टीवर टेकली होती, आणि ती गोष्ट आता काढून घेतली होती. जेवायला बसल्यावर सोपाननं फक्त चुलीकडे बोट दाखवलं. भाताची पेज सांडून चुलीच्या कडेला वाळली होती आणि तिचा पापुद्रा मातीसकट असा घट्ट बसला होता की पळीनं निघेना.

आंबेमोहराची दाट पेज, तांबडी माती आणि साळीच्या तुसाची चाळलेली राख. हात पहिल्यांदा तिला परका वाटला, पण वाळल्यावर भुई अशी बसली की नखानं उकरली जाईना. फक्त मुंग्यांचा तिनं विचार केला नव्हता. तट्ट्या पुन्हा अंथरल्या, शिपाई खाली आले आणि तिसऱ्या दिवशी काळ्या मुंग्यांची रांग खाटेच्या खडावावरून चढून थेट हवालदाराच्या उशीपर्यंत गेली.

“मावशी, मी काय गुळाचा हाय?” हवालदार म्हणाला.

“गुळाचा न्हाईस बाबा, पेजेवर निजलायस,” अंबूबाई म्हणाली, आणि पुढच्या हाताला तिनं पेजेत दवाखान्यातलं फिनेल ओतलं. मुंग्या गेल्या. वास काही दिवस नाकात बसला, मग तोही गेला.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा दारात तीच बुटांची रांग होती. आत तेच खवल्यांसारखे वळसे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते खाली वाकले, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

“शेण नाही ना?”

“न्हाई. गाईची शप्पत,” अंबूबाई म्हणाली, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तिनं पेज, राख, फिनेल सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं. उकळती पेज ओतता का, फिनेल किती घालता. खात्री झाल्यावर त्यांनी मान डोलावली. आत जायला निघाले, रांगोळीपाशी आले आणि थबकले. मग बाजूची खुर्ची ओढून बसले आणि स्वतःचे बूट काढू लागले. त्यांची आईसुद्धा कधी काळी कुठेतरी सारवत असणार.

ते दिवस लांबले. शिपाई बरे होऊन जात, नवे येत. नवा आलेला माणूस दारात थबके, आणि खाटेवरचे जुने त्याच्या थबकण्याकडे बघून हसत. अंबूबाई दर आठवड्याला हात फिरवत राहिली. नूरमहंमद अधूनमधून येऊन खडावा बदलून जाई. पण वरून कितीही चांगलं दिसलं तरी खाली काय झालं आहे, ते दोघांनाही माहीत नव्हतं. सांध्यांतून ओल उतरली असेल, मखमल कुजली असेल, वाळवी लागली असेल. कधी कधी बोलता बोलता नूरमहंमदची नजर भुईवर खिळे. अंबूबाईला कळे. ती विषय बदले.

लढाई संपली. शेवटची तुकडी गेली. कोंडाजी हवालदार केव्हाच गेला होता, पण त्याच्या गावचा एक जण निरोप सांगून गेला होता, की हवालदारानं घरी सगळ्यांना सांगितलंय, सरकारनं आम्हांला पारशाच्या बंगल्यात ठेवलं आन् आत बघतोय तर घरच. खोर्शेदबाई बंगला बघायला येणार असं कळलं, त्या सकाळी नूरमहंमद आणि अंबूबाई दोघं हॉलमध्ये उभी राहिली.

पहिली तट्टी खिडकीजवळची. सोपाननं सांधा कुदळीच्या टोकानं हलकेच फोडला, नूरमहंमदनं एक कड धरली, अंबूबाईनं दुसरी. तट्टी उचलली. मखमलीचा रंग उडाला होता. नूरमहंमदनं कापड बाजूला केलं.

खाली सागवान होतं. तसंच. पण सांधा जिथून गेला होता तिथं पांढुरकी रेघ उमटलेली. दुसरी तट्टी उचलली, तिथं दुसरी रेघ. लोहगडावरून खाली बघितलं की खाचरांचे बांध दिसतात तशा त्या रेघा हॉलभर पसरल्या होत्या. अंबूबाईच्या हातून तट्टी सुटली. इतकी वर्षं ती ज्या हाताच्या जिवावर बोलली होती, त्याच हातानं भरलेले ते सांधे होते. ती भिंतीला टेकली.

नूरमहंमद ओणवा झाला, गाल जमिनीला लावला आणि एक डोळा मिटून भिंतीपर्यंत नजर टाकली. हमीद मिस्त्री फळी सरळ आहे का बघायचे तशी. मग उठला, अळशीच्या तेलात बोट बुडवलं आणि रेघेवरून जोर देऊन फिरवलं. एकदा. दोनदा. रेघ पुसट झाली. तिसऱ्यांदा ती नव्हतीच.

“मेण पांढरं पडलंय,” तो म्हणाला. “मेणावरचं आहे हे सगळं. लाकडाला काही नाही.” तो तसाच हॉलभर गुडघ्यांवर फिरला, खाटा होत्या तिथं, कुबडीवाला बसायचा तिथं, दाराशी. एक ओरखडा सापडेना. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “भुई वाचली, अंबूबाई.”

अंबूबाईनं नाक पुसलं. “काय म्हनालात?”

“फ्लोर म्हणालो.”

“न्हाई. भुई म्हनालात. आवं, तुमी ऐकलं न्हवं?”

सोपाननं ऐकलं होतं. नूरमहंमदनं तेलाची बाटली उचलली आणि पाठ फिरवून कामाला लागला. पण त्याचे कान हसत होते.

दुपारी मोटार आली तेव्हा हॉल रिकामा होता आणि तेलानं पुसून निघालेलं सागवान खिडकीतल्या उन्हात मधासारखं दिसत होतं. फक्त दारातली तट्टी राहिली होती. ती शेवटी काढू म्हणून ठेवली होती, आणि सवयीनं अंबूबाईनं सकाळीच तिच्यावर हात फिरवून रांगोळी काढली होती. खोर्शेदबाई टाचांचे बूट वाजवत व्हरांड्यातून आल्या. मोटारीत बसल्या बसल्या त्यांनी वाईटच बघायची मनाची तयारी केली असावी, कारण त्या आत डोकावल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यांच्या लग्नात होता तसा हॉल. त्यांनी नूरमहंमदकडे बघितलं. नूरमहंमदनं अंबूबाईकडे बोट केलं.

बाई पुढे निघाल्या. पायाशी ओलसर सारवण आणि रांगोळी. पारशांच्या घरीही उंबऱ्यावर रांगोळी असतेच. त्या अडखळल्या.

“इथून कसं जायचं?” त्यांनी विचारलं.

अंबूबाईनं एवढ्या वर्षांत मालकिणीला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि हेही काही उलट उत्तर नव्हतं. तिनं फक्त मान वर केली.

“बूट काडून, बाईसाहेब. कॅप्टनसायेबबी काडत हुते.”

खोर्शेदबाईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग चौकटीला हात टेकला, एक बूट काढला, दुसरा काढला, आणि अनवाणी पायानं रांगोळी ओलांडून त्या सागवानावर गेल्या. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पायाची बोटं त्यांनी लाकडावर हलवून बघितली, लहान पोरीसारखी.

ती दारातली तट्टी मग कुणी काढलीच नाही. बाईंनीच काढू दिली नाही. मुंबईचे पाहुणे तिथं येऊन थबकत, खाली बघत आणि वाकून नाड्या सोडत. नूरमहंमद दर पावसाळ्यानंतर येत राहिला. दारातून आत जाताना, बाहेर पाय पुसून, रांगोळीला धक्का न लावता जायचा.

“तुमचा फ्लोर शंभर वर्षांचा न्हवं, नूरभाऊ?” अंबूबाई बादलीत माती कालवत विचारायची.

“शंभर वर्षांचाच.”

“मग जरा सरा तिकडं. त्याच्या राखनीला आज हात द्यायचाय.”

आणि तो सरायचा.